कारवान श्वान आणि प्रोत्साहनाधारित प्रशिक्षण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे दरवर्षी मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या खरेदी-विक्रीसाठी ही यात्रा महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. यात्रेतील पशुप्रदर्शनात श्वानांनाही स्थान असते. अशा प्रदर्शनात परीक्षकांची दृष्टी प्रामुख्याने जातिलक्षणांवर असते. श्वानाची उंची, छातीची खोली, पोटाचा आत गेलेला भाग, निमुळते तोंड, पायांची ठेवण हे सारे बारकाईने पाहिले जाते. मात्र हाक मारल्यावर तो श्वान परत येतो काय, अनोळखी मुलाने हात पुढे केल्यास तो शांत राहतो काय, समोरचे भक्ष्य सोडून मालकाकडे वळतो काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

मराठवाड्याला जातिवंत श्वान निपजविण्याची परंपरा आहे. त्याला शिकविण्याचा विचार मात्र त्या मानाने मागे राहिला. पूर्वी ही उणीव फारशी जाणवली नसावी, कारण शिकारीचे काम श्वानाच्या उपजत प्रेरणेवरच चालत असे. ते काम संपले, श्वान घरादाराच्या राखणीला बांधला गेला आणि उणीव उघडी पडली. श्वानाकडे लक्षपूर्वक पाहणे आणि त्याच्या योग्य वर्तनाला प्रोत्साहन देणे यांवर आधारलेली प्रशिक्षणपद्धती कोणत्या तत्त्वांवर उभी आहे, ती या परिसरातील कारवान श्वानास कशी लागू पडते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. परिसरातील श्वान : परंपरा आणि बदललेली भूमिका

मराठवाड्याच्या धार्मिक जीवनात श्वानाला मानाचे स्थान आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तात्रेयाचे क्षेत्र. दत्तमूर्तीच्या पायाशी असलेले चार श्वान हे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. खंडोबाच्या परिवारातही श्वान आहे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या संत नामदेवांची कथा तर सर्वपरिचित आहे. कुत्र्याने भाकरी पळविली असता ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, असे सांगितले जाते. असे असूनही व्यवहारात 'कुत्रा' हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो आणि कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, ही म्हण त्याच्या न सुधारणाऱ्या स्वभावाचा दाखला म्हणून दिली जाते. पूजेतील आदर आणि व्यवहारातील अविश्वास ही दोन्ही टोके एकाच समाजात नांदतात.

या परिसरातील वैशिष्ट्यपूर्ण श्वान म्हणजे कारवान. त्याचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर मध्य व पश्चिम आशियातून दख्खनेत आले असावेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कारवान हे नावही तेच सुचविते. आखूड केसांचा तो कारवान आणि कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असणारा तो पश्मी, असा भेद पाळणारे लोक करतात. कर्नाटकातील मुधोळ संस्थानाच्या घोरपडे घराण्याने याच कुळातील श्वानांना आश्रय दिल्याने तिकडे 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. भारतीय डाक विभागाने २००५ साली भारतीय श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांमध्ये मुधोळ हाउंडचा समावेश होता. पुढे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही मुधोळ हाउंड या नावाने या जातीची नोंद केली.

हा श्वान मूलतः दृष्टीने शिकार करणारा आहे. दूरवरची हालचाल टिपणे, क्षणात वेग घेणे आणि मोकळ्या माळावर भक्ष्य गाठणे ही त्याची कामगिरी. ससा व काळवीट यांच्या शिकारीसाठी असे श्वान बाळगले जात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अमलात आल्यानंतर ही शिकार हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झाले. तथापि कायद्याने शिकार थांबली तरी श्वानाची प्रेरणा थांबली नाही. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून घडलेले ते शरीर व ते मन तसेच राहिले आणि त्याच्या वाट्याला आली ती शेतातील आखाड्यावरची किंवा बंगल्याच्या फाटकावरची साखळी.

येथून पुढे घडणारा क्रम अनेक घरांच्या परिचयाचा आहे. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू आईपासून तोडून आणले जाते. कौतुकाचे दिवस संपले की ते एका जागी बांधले जाते. येणारा-जाणारा त्याला खिजवितो. ते गुरगुरते, म्हणून मार खाते. मार खाऊन ते गुरगुरणे बंद करते आणि घरच्यांना वाटते की कुत्रा सुधारला. एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता ते घरातील लहान मुलाला चावते. त्यानंतर बहुधा त्याला लांबच्या रस्त्यावर नेऊन सोडले जाते. या घटनाक्रमात मुलाला इजा होते, श्वानाचे आयुष्य उद्ध्वस्त होते आणि गावातील मोकाट कुत्र्यांच्या संख्येत भर पडते. श्वानप्रशिक्षण हा केवळ हौशी लोकांचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

२. प्रशिक्षणाचा मानसशास्त्रीय पाया

अध्ययनाची जी तत्त्वे मानसशास्त्राच्या पदवी वर्गात शिकविली जातात, त्यांचाच उपयोग श्वानप्रशिक्षणात होतो. इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांतून अभिजात अभिसंधानाची कल्पना पुढे आली. अन्नाबरोबर वारंवार जोडल्या गेलेल्या तटस्थ चेतकामुळेही श्वानाच्या तोंडात लाळ सुटते, असे त्यांनी दाखविले. या प्रयोगांचा एक अर्थ पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. श्वान केवळ आज्ञा शिकत नाही, तर प्रत्येक प्रसंगाबरोबर एक भावनाही शिकतो. साखळी काढताना मालक दरवेळी ओरडत असेल, तर साखळीला लागणाऱ्या हाताचीच भीती श्वानाच्या मनात घर करते.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून परिणामाच्या नियमाचा पाया घातला गेला. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक होतो ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा त्या नियमाचा आशय होय. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात साधक अभिसंधानाची पद्धतशीर मांडणी केली. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या मांडणीतील पुढील संज्ञा महत्त्वाच्या आहेत.

(अ) धन प्रबलन : योग्य कृतीनंतर हवीशी गोष्ट देणे. उदा. श्वान खाली बसताच खाऊचा तुकडा देणे. येथे 'धन' याचा अर्थ काही तरी मिळणे असा आहे.

(आ) ऋण प्रबलन : योग्य कृतीनंतर नकोशी गोष्ट काढून घेणे. उदा. श्वान बसल्यावर गळपट्ट्याचा ताण सैल करणे. ही शिक्षा नव्हे. पण यासाठी आधी त्रास द्यावा लागतो.

(इ) शिक्षा : कृती घडल्यानंतर तिची पुनरावृत्ती कमी करणारा परिणाम. तो मार असू शकतो. तसाच खेळ थांबविणे हाही असू शकतो.

(ई) विलोपन : पूर्वी फळ देणारी कृती निष्फळ ठरल्याने ती हळूहळू नाहीशी होणे. जेवताना अंगावर उड्या मारणाऱ्या श्वानाला घरातील कोणीही घास दिला नाही, तर कालांतराने उड्या थांबतात. प्रारंभी मात्र त्या वाढतात, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी तरी कंटाळून घास दिला तर सवय अधिकच पक्की होते.

(उ) आकारण : अंतिम वर्तनाची वाट न पाहता त्या दिशेने पडणाऱ्या प्रत्येक छोट्या पावलाला प्रोत्साहन देत वर्तन घडविणे.

अन्न हेच एकमेव पारितोषिक नव्हे, याचा पुरावा भारतीय संशोधनातून मिळतो. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या चमूने रस्त्यावरील मुक्त कुत्र्यांच्या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसाकडून मिळणाऱ्या खाद्यापेक्षा त्याने अंगावरून फिरविलेला हात या कुत्र्यांचा विश्वास संपादन करण्यास अधिक उपयोगी ठरला. २०२० च्या अभ्यासात, कोणतेही शिक्षण न मिळालेले रस्त्यावरील कुत्रेही माणसाने बोटाने दाखविलेली दिशा समजू शकतात, असे आढळले. माणसाकडे पाहून अर्थ लावण्याची ही तयारी श्वानाजवळ मुळातच असते. प्रशिक्षकाचे काम तिचा उपयोग करून घेण्याचे आहे.

३. वचक आणि वर्चस्व : एका समजुतीची चिकित्सा

'कुत्र्याला वचक हवा' हे मत आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. पाश्चात्त्य देशांतही विसाव्या शतकाचा मोठा काळ याच मताचा होता. जर्मनीत पोलीस व लष्करी श्वानांचे प्रशिक्षण देणाऱ्या कॉनराड मोस्ट यांच्या १९१० च्या पुस्तिकेत सक्तीला महत्त्वाचे स्थान होते. पुढे रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातील वर्चस्वाच्या उतरंडीचे वर्णन केले. त्यावरून असा निष्कर्ष काढला गेला की, श्वान हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे तो घरात सत्ता गाजवू पाहतो आणि मालकाने त्याला नमविले पाहिजे.

या निष्कर्षाचा आधारच पुढे ढासळला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात वर्चस्वाची कल्पना वापरली होती. परंतु नैसर्गिक अधिवासातील प्रत्यक्ष निरीक्षणानंतर १९९९ साली त्यांनीच स्पष्ट केले की, रानातील लांडग्यांचा कळप हे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते; तेथील नेतृत्व हे पालकांचे नेतृत्व असते. परस्परांना अनोळखी असलेले लांडगे एका कुंपणात कोंडल्यावर जे दिसले, ते त्या प्राण्याचे सहज वर्तन नव्हते.

कठोर पद्धतींच्या परिणामांविषयीही आता बरेच अभ्यास उपलब्ध आहेत. हर्न, शोफर व राइसनर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत, श्वानाला मारणे वा लाथ घालणे हा उपाय योजलेल्या मालकांपैकी ४३ टक्के मालकांनी श्वानाने त्यावर आक्रमक प्रतिसाद दिल्याचे सांगितले. हे श्वान वर्तनसमस्यांसाठी उपचारास आणलेले होते, त्यामुळे हा आकडा सरसकट सर्व श्वानांना लावता येणार नाही. तरीही जो श्वान आधीच भ्यालेला आहे त्याला मारणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून दिसते. २०२० साली पोर्तुगालमधील ९२ श्वानांवर केलेल्या अभ्यासात, कठोर पद्धतीने शिकविल्या जाणाऱ्या श्वानांमध्ये ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाणही वाढलेले आढळले. पशुवर्तनाच्या क्षेत्रातील अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या निवेदनात सर्व प्रकारच्या श्वानप्रशिक्षणासाठी प्रोत्साहनाधारित पद्धतीचीच शिफारस केली आहे.

शिक्षेची आणखी एक उणीव तार्किक आहे. शिक्षा काय करू नये एवढेच सांगते; काय करावे हे सांगत नाही. पाहुण्यांवर भुंकणाऱ्या श्वानाला मारल्याने तो गप्प बसेलही, परंतु पाहुणा आला की मार बसतो, एवढाच धडा त्याने घेतला असण्याची शक्यता राहते. अशा वेळी पाहुण्याविषयीचा त्याचा द्वेष वाढतो आणि तो व्यक्त करण्याची सौम्य भाषा मात्र त्याच्यापासून हिरावली जाते.

४. कारवान श्वानाची प्रकृती आणि त्याचे प्रशिक्षण

कारवान हट्टी आहे, तो शिकत नाही, असा एक समज आहे. सेवाकार्यासाठी लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड या विदेशी जातींना दीर्घकाळ मिळालेल्या पसंतीमुळे तो दृढ झाला असावा. बीड जिल्हा पोलीस दलातील 'रॉकी' या श्वानाने ३०० हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात साहाय्य केले होते. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला सन्मानपूर्वक अखेरचा निरोप देण्यात आला, तेव्हा त्याची दखल पंतप्रधानांच्या 'मन की बात' कार्यक्रमातही घेतली गेली. त्याच भाषणात त्यांनी मुधोळ हाउंड, राजापलयम, चिप्पीपराई आदी भारतीय जातींचा आवर्जून उल्लेख केला होता.

तत्पूर्वी २०१६ साली भारतीय सैन्याच्या मेरठ येथील रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राने मुधोळ हाउंडची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली होती. सीमा सुरक्षा दलानेही ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथील आपल्या श्वान प्रशिक्षण केंद्रात भारतीय जातींवर काम केले. या दलातील 'रिया' ही मुधोळ हाउंड जातीची मादी २०२४ साली लखनौ येथे झालेल्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये सर्वोत्कृष्ट ठरली. त्याच कुळातील श्वानाने मिळविलेले हे यश पाहता, शिकण्याची क्षमता या जातीत नाही असे म्हणणे कठीण आहे.

मात्र प्रत्येक जातीचा कल वेगळा असतो, हे मान्य केलेच पाहिजे. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी १९६१ साली एका लेखात आपले अपयश प्रांजळपणे नोंदविले होते. नाणी पेटीत टाकण्यास शिकविलेले रॅकून काही काळाने ती नाणी, भक्ष्य धुवावे तशी, हातात घेऊन चोळत बसत. पारितोषिक हुकले तरीही ते थांबत नसत. उपजत प्रेरणा शिकविलेल्या वर्तनावर मात करते, असा त्याचा अर्थ. धावणारा ससा, पळणारी शेळी वा फडफडणारी कोंबडी दिसल्यावर कारवान मालकाची हाक ऐकत नाही, तेव्हा नेमके हेच घडत असते. हा उद्दामपणा नसतो. त्याच्या पूर्वजांची निवडच या गुणासाठी झालेली आहे.

यावरून तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कारवानला रोज कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत मनसोक्त धावू देणे ही त्याची गरज आहे. दिवसभर बांधून ठेवलेल्या कारवानकडून शांततेची अपेक्षा करणे व्यर्थ होय. दुसरी, दोरीला बांधलेली चिंधी वा कापडी ससा ओढून त्यामागे धावण्याचा खेळ दिला, तर पाठलागाची प्रेरणा निरुपद्रवी मार्गाने तृप्त होते आणि तोच खेळ पारितोषिक म्हणूनही वापरता येतो. तिसरी, हाकेला परत येण्याचे शिक्षण पक्के होईपर्यंत त्याला उघड्या रानात वा रस्त्यालगत मोकळे सोडू नये.

५. प्रशिक्षणाची प्रत्यक्ष पद्धत

(१) वेळेपूर्वी सुरुवात : जॉन स्कॉट व जॉन फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथात पिल्लाच्या सामाजीकरणाच्या संवेदनशील काळाचे विवेचन आहे. साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या या काळात पिल्लाने शांतपणे अनुभवलेल्या गोष्टी त्याला पुढे परक्या वाटत नाहीत. लहान मुले, वृद्ध, टोपी वा पागोटे घातलेली माणसे, ट्रॅक्टर, दुचाकी, शेळ्या, कुकरची शिट्टी यांची ओळख त्याला याच काळात दुरून आणि खाऊसोबत करून द्यावी. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आई व भावंडांपासून तोडू नये. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला अनोळखी कुत्र्यांच्या संपर्कात येऊ न देता कडेवर घेऊन फिरवावे.

(२) शब्दांची निश्चिती : आपल्या भाषेत कुत्र्याला बोलावण्यासाठी 'यू यू', अंगावर सोडण्यासाठी 'छू' आणि हाकलण्यासाठी 'हाड' असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्याने नीट वागल्याचे सांगणारा खास शब्द मात्र रूढ नाही. 'शाब्बास' हा शब्द त्यासाठी घ्यावा. प्रारंभी हा शब्द उच्चारून लगेच खाऊ द्यावा. असे काही दिवस केल्यावर शब्दालाच पारितोषिकाचे मूल्य येते. घरातील सर्वांनी एका कृतीसाठी एकच शब्द वापरावा. आजोबा 'खाली बस', मुले 'सिट' आणि आई 'बैस' म्हणू लागली, तर गोंधळाचा दोष श्वानाकडे जात नाही.

(३) क्षणाचे महत्त्व : प्रोत्साहन योग्य कृतीनंतर एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. श्वान बसला, मालक खिशात खाऊ शोधू लागला, तोवर श्वान उठला आणि मग तुकडा मिळाला, तर त्याने उठण्याचे शिक्षण घेतले. पळून गेलेला श्वान अर्ध्या तासाने परत आल्यावर त्याला मारणे ही याच चुकीची दुसरी बाजू होय. त्या माराचा संबंध तो पळण्याशी नव्हे, तर परत येण्याशी जोडतो.

(४) खाऊची निवड : उकडलेले अंडे वा कोंबडीचे मांस यांचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरेसे होतात. साध्या सरावासाठी भाकरीचा तुकडा आणि अवघड प्रसंगासाठी अधिक आवडता खाऊ, असे तारतम्य ठेवावे. हा खाऊ दिवसाच्या आहारातून वजा करावा. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट श्वानास अपायकारक असल्याने देऊ नयेत.

(५) हाकेला परत येणे : प्रारंभ घरातील दोन पावलांच्या अंतरापासून करावा. नाव घेऊन 'ये' म्हणावे, जवळ येताच 'शाब्बास' म्हणून खाऊ द्यावा आणि लगेच पुन्हा मोकळे सोडावे. हाक म्हणजे नेहमीच खेळाचा शेवट, असे त्याला वाटता कामा नये. नंतर अंगण, त्यानंतर लांब दोर लावून शेत, असे अंतर व व्यत्यय क्रमाने वाढवावेत. व्यत्यय वाढविताना अंतर कमी करावे. दोन्ही एकदम वाढवू नयेत. श्वान सलग दोन-तीन वेळा चुकल्यास पायरी अवघड झाली असे समजून मागे यावे.

(६) प्रोत्साहनाचे विरळीकरण : वर्तन पक्के झाल्यावर दरवेळी खाऊ देण्याची गरज नसते. अधूनमधून आणि अनपेक्षितपणे मिळणारे पारितोषिक सवय अधिक टिकाऊ करते. तथापि कौतुकाचा शब्द व हात कधीही बंद करू नये.

(७) ऋतुमान व कालावधी : पाच ते दहा मिनिटांची दोन-तीन छोटी सत्रे एका दीर्घ सत्रापेक्षा उपयुक्त ठरतात. नांदेड-लातूर भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत सराव पहाटे वा सूर्यास्तानंतर करावा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर आपला तळहात काही सेकंद टेकवत नसेल, तर तेथे श्वानाला चालवू नये.

६. श्वानाची देहबोली

लक्षपूर्वक प्रशिक्षण म्हणजे श्वानाला सांगण्यापूर्वी त्याचे ऐकणे. अस्वस्थ श्वान प्रथम तोंड फिरवितो, भूक वा झोप नसताना ओठ चाटतो, जांभई देतो, कान मागे घेतो, शेपूट पायांत घालतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहतो किंवा एकाएकी निश्चल होतो. या खुणांकडे दुर्लक्ष झाल्यास तो गुरगुरतो, आणि तेही निष्फळ ठरल्यास चावतो. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना आहे. ती मिळताच त्याला मोकळी वाट द्यावी आणि कारण शोधावे. सूचनेला शिक्षा करणारा मालक आपल्याच घरातील धोक्याची घंटा काढून टाकतो.

लहान मुलांना तीन नियम शिकविणे अगत्याचे आहे : जेवत्या वा झोपलेल्या श्वानाला हात लावू नये, त्याला मिठी मारू नये व त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नये, आणि बांधलेल्या श्वानाला खिजवू नये. बांधलेल्या श्वानाला दूर जाण्याचा मार्ग उरत नाही, म्हणून तो मोकळ्या श्वानापेक्षा अधिक लवकर चावू शकतो. मोठ्यांच्या देखरेखीविना लहान मूल व श्वान यांना एकत्र सोडू नये.

७. मर्यादा आणि जबाबदाऱ्या

प्रोत्साहनाधारित पद्धत म्हणजे मोकाट लाड नव्हेत. श्वानाला चूक करण्याची संधीच मिळू नये अशी व्यवस्था करणे हा तिचा अर्धा भाग आहे. चपला उचलून ठेवणे, फाटक बंद ठेवणे, पाहुणे येताना श्वानाला दुसऱ्या खोलीत कुरतडण्यास काही देणे, या साध्या उपायांनी अनेक वाईट सवयी लागतच नाहीत. दुसरे असे की, प्रत्येक वर्तन शिक्षणाने बदलत नाही. शांत श्वान एकाएकी आक्रमक झाला, तर वेदना, कानाचा विकार, थायरॉइडचा दोष अशी कारणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्यकाचा सल्ला घेणे हेच पहिले पाऊल होय. ज्याने आधी कोणाला चावा घेतला आहे, अशा श्वानावर घरगुती प्रयोग करणे धोक्याचे आहे.

रेबीजविषयी कोणतीही तडजोड असू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांतील रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यांमुळे उद्भवतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून श्वानाचे नियमित लसीकरण अनिवार्य समजावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता रुग्णालयात लस घ्यावी. हळद, चुना वा तिखट लावण्यात वेळ दवडू नये.

कायद्याची बाजूही माहीत असावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करून अनावश्यक वेदना देणे, तसेच अवाजवी आखूड वा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे ही क्रूरता ठरते. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हाही याच कलमाखाली गुन्हा आहे.

८. महाविद्यालयांची भूमिका

या विषयात महाविद्यालये बरेच काही करू शकतात. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत तेथील तज्ज्ञांच्या साहाय्याने श्वानांचे लसीकरण, दंशानंतरचे प्रथमोपचार आणि श्वानाची देहबोली यांविषयी ग्रामस्थांचे प्रबोधन करता येईल. मानसशास्त्र विभागाला साधक अभिसंधानाचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्याच्या घरच्या श्वानावर, कोणतीही इजा न करता, घडविता येईल. दहा दिवसांत 'ये' या हाकेला मिळालेल्या प्रतिसादांची रोजची नोंद ठेवली, तर अध्ययनवक्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत उमटतो. कारवान व पश्मी श्वान पाळणाऱ्या कुटुंबांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद करणे हा समाजशास्त्र व मराठी विभागांसाठीही उपयुक्त प्रकल्प ठरेल. माळेगावच्या श्वानप्रदर्शनात देहलक्षणांबरोबर हाकेला परत येणे व अनोळखी माणसाजवळ शांत उभे राहणे यांनाही गुण दिले गेले, तर शिकविलेल्या श्वानाचे मोल पाळणाऱ्यांच्या नजरेत वाढेल. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही.

समारोप :

कारवान श्वानाचे जुने काम कालबाह्य झाले आहे आणि ते परत येणार नाही. त्याला नवे काम द्यावयाचे तर ते शिकविले पाहिजे. वचकाने हे साधत नाही, कारण वचक श्वानाची सूचना देण्याची भाषा दडपतो आणि धोका तसाच ठेवतो. योग्य क्षणी दिलेले प्रोत्साहन, घरातील सर्वांचा एकच शब्द, क्रमाने वाढविलेली पायरी आणि श्वानाच्या खुणांकडे दिलेले लक्ष यांतून तो कुटुंबात सुरक्षितपणे सामावू शकतो. शेपूट वाकडेच राहते या म्हणीत तथ्य एवढेच की, शेपटाचा आकार उपजत असतो. पाठलागाची ओढही तशीच उपजत आहे. ती नाहीशी करता येत नाही, परंतु हाक ऐकून मागे वळण्यास श्वान शिकू शकतो. ते शिकविण्याची जबाबदारी, ज्याने त्याला घरी आणले त्या माणसाची आहे.